उशिरा आलेली सेवाकराची मागणी आणि अपिलाचा हक्क

कर रद्द झाला की त्या करासंबंधीची सर्व देणी-घेणीही संपली, अशी समजूत व्यावसायिकांत सहज रूढ होते. सेवाकराच्या बाबतीत या समजुतीची मोठी किंमत अनेकांना मोजावी लागली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अमलात आला आणि सेवाकर त्यात विलीन झाला. त्यानंतर तीन, चार, पाच वर्षांनी जुन्या सेवाकराच्या नोटिसा लोकांच्या हाती पडल्या. त्या केवळ मोठ्या कंपन्यांना आल्या असे नाही. शाळेच्या खोल्या बांधणारे कंत्राटदार, भाड्याने वाहने देणारे, मजूर पुरवणारे, खासगी शिकवणी वर्ग चालवणारे अशा लहान व्यावसायिकांनाही त्या आल्या.

नोटीस आली म्हणजे कर लागू झालाच असे नव्हे; आदेश झाला म्हणजे सर्व मार्ग बंद झाले असेही नव्हे. कायद्याने अपिलाचा हक्क दिला आहे. मात्र या हक्काला दोन अटी जोडलेल्या आहेत. एक मुदतीची आणि दुसरी अपिलापूर्वी काही रक्कम भरण्याची. या अटींचा नीट उलगडा न झाल्यामुळे जे प्रकरण गुणावगुणांवर सहज टिकले असते ते पुष्कळदा उंबरठ्यावरच अडते. अपीलपूर्व भरण्याचा प्रश्न विदर्भाला नवा नाही. या विषयावरील स्वतंत्र भारतातील एक मूलभूत निर्णय ज्या प्रकरणातून निघाला, त्याचा आरंभ अकोल्यात झाला आणि ते नागपूरच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. आजच्या तरतुदी समजून घेताना त्या निर्णयाची ओळख उपयुक्त ठरते.

कर गेला, देणे उरले

सेवाकराची सुरुवात १ जुलै १९९४ रोजी झाली. त्या वर्षीच्या वित्त अधिनियमाच्या पाचव्या प्रकरणान्वये दूरध्वनी, शेअर दलाली आणि सर्वसाधारण विमा या तीनच सेवांवर ५ टक्के दराने तो आकारण्यात आला. पुढे सेवांची यादी वाढत गेली. १ जुलै २०१२ पासून पद्धतच उलटी झाली. नकारात्मक यादीतील आणि खास सूट दिलेल्या सेवा वगळता बाकी सर्व सेवा करपात्र ठरल्या. दरही वाढत जाऊन जून २०१६ पासून स्वच्छ भारत व कृषी कल्याण या दोन उपकरांसह तो १५ टक्के झाला.

२०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १७३ अन्वये हे पाचवे प्रकरण वगळण्यात आले. परंतु लगतच्याच कलम १७४ ने जुन्या कायद्याखाली निर्माण झालेली देणी, हक्क, चौकशा आणि कार्यवाही अबाधित राखली. त्यामुळे जून २०१७ पर्यंतच्या व्यवहारांबाबत मागणी करण्याचा शासनाचा अधिकार शिल्लक राहिला, त्याचप्रमाणे अशा मागणीविरुद्ध अपील करण्याचा नागरिकाचा हक्कही शिल्लक राहिला.

माहिती आली, पडताळणी राहिली

उशिरा निघालेल्या या नोटिसांपैकी अनेकांचा आधार प्राप्तिकर विभागाकडून मिळालेली माहिती हा होता. प्राप्तिकर विवरणपत्रात किंवा नमुना २६ एएस मध्ये दिसणाऱ्या जमा रकमा एका बाजूला आणि सेवाकराच्या विवरणपत्रात दाखवलेले मूल्य दुसऱ्या बाजूला ठेवून दोहोंतील फरकावर कर काढण्यात आला. ज्याने सेवाकराची नोंदणीच केली नव्हती, त्याच्या बाबतीत सगळी जमा रक्कमच फरक ठरली.

या पद्धतीत एक स्वाभाविक उणीव आहे. प्राप्तिकराच्या नोंदीवरून पैसे मिळाले एवढे समजते. ते कशासाठी मिळाले हे समजत नाही. उद्गम कर कपात झालेली रक्कम मालाच्या विक्रीची असू शकते, सूट असलेल्या कामाची असू शकते किंवा ज्या सेवेवरील कर सेवा घेणाऱ्यानेच भरावयाचा असतो अशा सेवेचीही असू शकते. मालवाहतुकीचे उदाहरण घेता येईल. कंपन्या, कारखाने यांसारखे ग्राहक मालवाहतुकीचे भाडे देत तेव्हा सेवाकर भरण्याची जबाबदारी सामान्यतः त्या ग्राहकांवर असे, वाहतूकदारावर नसे. नागपूरसारख्या वाहतुकीच्या केंद्रात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

ही उणीव केंद्रीय मंडळाच्याही ध्यानी आली होती. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने २६ ऑक्टोबर २०२१ रोजी क्षेत्रीय अधिकाऱ्यांना सूचना दिली की, दोन विवरणपत्रांतील केवळ फरक पाहून सरसकट नोटिसा काढू नयेत; वस्तुस्थितीची पडताळणी करून आणि करदात्याचे म्हणणे विचारात घेऊनच पाऊल उचलावे. त्याआधी १० मार्च २०१७ च्या परिपत्रकानुसार ५० लाख रुपयांवरील मागणीच्या प्रकरणांत, काही अपवाद वगळता, नोटिशीपूर्वी करदात्याशी विचारविनिमय करणे आवश्यक ठरवण्यात आले होते. ज्या नोटिशीत ही पथ्ये पाळली गेली नाहीत, तिच्या उत्तरात या सूचनांचा उल्लेख अवश्य करावा.

मुदतीचे गणित

मागणीची नोटीस केव्हापर्यंत काढता येते हे वित्त अधिनियम, १९९४ च्या कलम ७३ मध्ये सांगितले आहे. साधारण मुदत आरंभी एक वर्षाची होती. २०१२ मध्ये ती अठरा महिने आणि १४ मे २०१६ पासून तीस महिने झाली. फसवणूक, संगनमत, हेतुपुरस्सर चुकीचे कथन, वस्तुस्थिती दडवणे किंवा कर चुकवण्याच्या हेतूने केलेला नियमभंग असेल तरच पाच वर्षांची वाढीव मुदत मिळते. ज्याने विवरणपत्र भरले नाही त्याच्या बाबतीत ते भरण्याच्या अखेरच्या तारखेपासून ही मुदत मोजली जाते.

कोविड साथीच्या काळात या मुदतींना कायद्याने वाढ मिळाली. ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५ या सहामाहीचे विवरणपत्र २५ एप्रिल २०१५ पर्यंत भरावयाचे होते. त्यापुढील पाच वर्षे एप्रिल २०२० मध्ये संपत होती. वाढीव मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत गेली. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या व्यवहाराची नोटीस अशा रीतीने मुदतीत बसू शकली.

तथापि, वाढीव मुदत आपोआप लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पुष्पम फार्मास्युटिकल्स प्रकरणात आणि २०१३ मध्ये युनिवर्थ टेक्स्टाइल्स प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. कर भरला गेला नाही एवढ्यावरून वस्तुस्थिती दडवली असे ठरत नाही. जाणूनबुजून दडवणूक झाली हे दाखवावे लागते आणि ते दाखवण्याचा भार विभागावर असतो. म्हणून नोटिशीचे उत्तर देताना पहिला प्रश्न पडताळावा तो हा: वाढीव मुदतीसाठी नोटिशीत कोणती ठोस कारणे दिली आहेत?

नोटीस वेळेत निघाली, परंतु तिचा निर्णयच वर्षानुवर्षे झाला नाही, असा विलंबाचा दुसरा प्रकारही आहे. २०१४ पासून कायद्यात शक्य असेल तेथे सहा महिने किंवा एक वर्षात निर्णय देण्याची तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये पार्ले इंटरनॅशनल या उत्पादन शुल्काच्या प्रकरणात, करदात्याला काहीही न कळवता तेरा वर्षे बाजूला ठेवून पुन्हा उकरून काढलेली कार्यवाही रद्द ठरवली. इतक्या काळाने कागद आणि माणसे दोन्ही मिळेनाशी होतात व बचावाची संधी नाममात्र उरते, हे त्यामागील तत्त्व होय.

कागद जपण्याच्या बाबतीत एक विचित्र योगायोग आहे. सेवाकर नियमांप्रमाणे वर्ष संपल्यानंतर पाच वर्षे अभिलेख जतन करावे लागत. २०१६-१७ चे कागद त्या हिशेबाने ३१ मार्च २०२२ पर्यंत ठेवणे बंधनकारक होते. त्याच वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीची वाढीव मुदत मात्र एप्रिल २०२२ च्या अखेरीस संपत होती. जुने दप्तर काढून टाकावे आणि त्याच सुमारास नोटीस यावी, असा प्रसंग त्यामुळे उद्भवू शकतो.

एका हिशेबाचे उदाहरण

समजा, नागपूर जिल्ह्यातील एका लहान कंत्राटदाराच्या प्राप्तिकर नोंदीत २०१६-१७ या वर्षात ४० लाख रुपयांची जमा दिसते. त्याने सेवाकराची नोंदणी केलेली नाही. १५ टक्के दराने ६ लाख रुपयांची मागणी निघते. दडवणुकीचा आरोप सिद्ध धरला गेला तर कलम ७८ अन्वये तितकीच, म्हणजे आणखी ६ लाखांची शास्ती होते. ६० लाखांपर्यंत सेवामूल्य असलेल्यांना लागू असलेल्या १२ टक्के दराने वर्षाला ७२ हजार रुपये व्याज चढते. पाच वर्षांचे व्याज ३ लाख ६० हजार होते. एकूण बोजा १५ लाख ६० हजार रुपयांचा झाला.

आता कागद पाहू. ४० लाखांपैकी २२ लाख रुपये जिल्हा परिषदेच्या शाळाखोल्यांच्या बांधकामाचे आहेत. शासन किंवा स्थानिक प्राधिकरण यांच्यासाठी केलेल्या अशा बांधकामाची सूट १ एप्रिल २०१५ पासून काढण्यात आली होती. परंतु ज्या कामाचा करार १ मार्च २०१५ पूर्वी झाला होता आणि आवश्यक तेथे मुद्रांक शुल्कही त्यापूर्वी भरले होते, त्या कामासाठी ती २०१६ मध्ये पुन्हा देण्यात आली. या कंत्राटदाराचा करार नोव्हेंबर २०१४ चा आहे. म्हणून हे २२ लाख करमुक्त ठरतात. आणखी १० लाख सार्वजनिक वापराच्या गावरस्त्याचे आहेत; तेही करमुक्त. राहिले ८ लाख, खासगी दुकानांच्या बांधकामाचे. लहान सेवादात्यांसाठी १० लाख रुपयांपर्यंत सूट होती आणि ही मर्यादा मोजताना इतर अधिसूचनांन्वये पूर्णतः करमुक्त असलेली कामे धरली जात नसत. आधीच्या वर्षीही त्याची करपात्र सेवा १० लाखांच्या आतच असेल, तर या ८ लाखांवरही कर लागत नाही.

अशा रीतीने १५ लाख ६० हजारांचा बोजा शून्यावर येतो. परंतु तो येतो तो करारावरील तारीख, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेचा उतारा आणि आधीच्या वर्षाचा हिशेब यांच्या आधारे. हे कागद नोटिशीच्या उत्तरासोबत दाखल झाले नाहीत, तर अधिकाऱ्यापुढे प्राप्तिकराचा आकडा तेवढा राहतो आणि आदेश त्यावरच होतो.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जेथे कर खरोखरच देय आहे तेथे वाद लांबवणे महागात पडते. दडवणुकीच्या प्रकरणातही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत कर व व्याज भरल्यास शास्ती कराच्या १५ टक्क्यांवर येते. आदेशानंतर ३० दिवसांत भरल्यास ती २५ टक्के होते. या सवलतीसाठी कमी केलेली शास्तीही त्याच मुदतीत भरावी लागते. दडवणुकीचा आरोप नसेल आणि कर व व्याज नोटिशीनंतर ३० दिवसांत भरले असेल तर शास्ती लागत नाही. म्हणून नोटीस येताच प्रथम प्रामाणिक हिशेब मांडावा आणि मगच लढायचे की भरायचे हे ठरवावे.

अपील आणि अपीलपूर्व भरणा

आयुक्तांच्या खालील दर्जाच्या अधिकाऱ्याने दिलेल्या आदेशाविरुद्ध पहिले अपील आयुक्त (अपील) यांच्याकडे होते. नागपूर परिमंडळाची कार्यालये सिव्हिल लाइन्स भागात तेलंगखेडी मार्गावर आहेत. पुढचे अपील सीमाशुल्क, उत्पादन शुल्क व सेवाकर अपिलीय न्यायाधिकरणाकडे असते आणि विदर्भातील प्रकरणे त्याच्या मुंबई येथील पीठापुढे जातात.

अपिलापूर्वी किती रक्कम भरावी याचे उत्तर केंद्रीय उत्पादन शुल्क अधिनियम, १९४४ च्या कलम ३५ एफ मध्ये आहे. ते कलम सेवाकरालाही लागू आहे. ६ ऑगस्ट २०१४ पूर्वी नियम असा होता की, मागणीची सर्व रक्कम भरावी. मात्र तीव्र अडचण असल्यास अपिलीय अधिकारी ती अट शिथिल करू शकत. परिणामी मूळ अपिलाआधी स्थगितीचा अर्ज, त्यावर सुनावणी, त्यावरही वाद असा क्रम पडला आणि न्यायाधिकरणाचा पुष्कळ वेळ त्यातच जाऊ लागला.

२०१४ च्या वित्त (क्रमांक २) अधिनियमाने ही पद्धत बदलली. पहिल्या अपिलासाठी वादग्रस्त कराच्या साडेसात टक्के आणि दुसऱ्या अपिलासाठी दहा टक्के रक्कम निश्चित झाली. कमाल मर्यादा १० कोटी रुपये ठेवली गेली. ही टक्केवारी करावर मोजली जाते; करासोबत शास्तीचाही वाद असला तरी शास्ती व व्याज त्यात मिळवले जात नाही. केवळ शास्तीचाच वाद असेल तेव्हा ती शास्तीवर मोजतात. वरील उदाहरणातील कंत्राटदाराला १५ लाख ६० हजारांच्या आदेशाविरुद्ध पहिल्या अपिलासाठी ६ लाखांच्या साडेसात टक्के, म्हणजे ४५ हजार रुपये भरावे लागतील.

या भरण्याबाबत चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, हा भरणा म्हणजे कराची कबुली नव्हे. दुसरी, १६ सप्टेंबर २०१४ च्या परिपत्रकाप्रमाणे ही रक्कम भरून अपील दाखल केल्यावर उरलेल्या रकमेसाठी त्या अपिलाच्या काळात सक्तीची वसुली करू नये, असे निर्देश आहेत. तपासणीच्या काळात आधीच भरलेली रक्कमही या भरण्यात धरता येते. तिसरी, अपील मंजूर झाल्यास रक्कम व्याजासह परत मिळते. हे व्याज भरल्याच्या दिवसापासून मोजले जाते आणि त्याचा दर ६ टक्के आहे. परतीसाठी साधे पत्र पुरते व पंधरा दिवसांत परतावा देण्याचे निर्देश आहेत. चौथी, रक्कम योग्य मार्गाने भरली पाहिजे. वस्तू व सेवा कराच्या डीआरसी-०३ या नमुन्याद्वारे सेवाकराचा अपीलपूर्व भरणा करणे ग्राह्य नाही, असे केंद्रीय मंडळाने २८ ऑक्टोबर २०२२ रोजी स्पष्ट केले असून, त्यासाठी मंडळाच्या एकात्मिक संकेतस्थळावरील स्वतंत्र सोय वापरण्यास सांगितले आहे. पैसे भरूनही चुकीच्या नमुन्यामुळे अपील सदोष ठरण्याचा धोका त्यामुळे टाळता येतो.

अकोल्याचे विवरणपत्र, नागपूरचे न्यायालय

अपीलपूर्व भरण्याची अट कायदेमंडळ केव्हाही, कोणावरही लादू शकते काय, हा प्रश्न १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो हुसेन कासम दादा (इंडिया) लिमिटेड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात. त्या काळी विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती.

या कंपनीने मध्य प्रांत व वऱ्हाड विक्रीकर अधिनियम, १९४७ खाली त्याच वर्षी अकोला येथील विक्रीकर अधिकाऱ्याकडे विवरणपत्र दाखल केले. उलाढाल मोठी असल्याने प्रकरण अमरावतीच्या सहायक आयुक्तांकडे गेले. आकारणी मात्र एप्रिल १९५० मध्ये झाली आणि ५८ हजारांहून अधिक रुपयांचा कर बसवण्यात आला. विवरणपत्र भरले तेव्हा कायद्यात असे होते की, अपील करताना अपिलार्थीला स्वतःला मान्य असलेला कर भरल्याचा पुरावा द्यावा. पण २५ नोव्हेंबर १९४९ पासून त्यात दुरुस्ती होऊन, ज्या कराविरुद्ध अपील आहे तो संपूर्ण कर भरल्याचा पुरावा आवश्यक झाला. कंपनीने तो भरला नाही. म्हणून अपील दाखल करून घेण्यात आले नाही. महसूल मंडळ आणि नागपूर उच्च न्यायालय येथेही कंपनीला दाद मिळाली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र कंपनीचे म्हणणे मान्य केले. अपिलाचा हक्क हा केवळ कार्यपद्धतीचा भाग नसून मूलभूत स्वरूपाचा हक्क आहे. कार्यवाहीला आरंभ होतो त्या दिवशीच तो पक्षकाराला प्राप्त होतो. आणि नंतरच्या कायद्याने स्पष्ट शब्दांत किंवा अपरिहार्य अर्थाने तो काढून घेतला नसेल तर जुन्या अटींवरच टिकून राहतो. आधी नसलेली भरण्याची अट घालणे म्हणजे त्या हक्काचा संकोच करणे होय, असे न्यायालयाने मानले.

कागद उशिरा निकाली निघाल्यामुळे करदात्याच्या डोक्यावर अधिक कठोर अट येऊन पडावी, हा प्रकार त्या प्रकरणाच्या मुळाशी होता. म्हणूनच साठ वर्षांनी, २०१४ च्या दुरुस्तीनंतर, हा निर्णय पुन्हा देशभरच्या न्यायालयांत उद्धृत झाला. या वेळी कायदेमंडळाने आपला हेतू स्पष्ट केला होता. ६ ऑगस्ट २०१४ पूर्वी प्रलंबित असलेली अपिले व स्थगिती अर्ज यांना नवी तरतूद लागू नाही, असे कलमातच नमूद आहे. त्यावरून त्या तारखेनंतर दाखल होणाऱ्या अपिलांना नवी अट लागू होते, असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये गणेश यादव प्रकरणात दिला. स्पष्ट शब्दांनी हक्क मर्यादित करता येतो, हा १९५३ च्या निर्णयातीलच दुसरा भाग त्या ठिकाणी उपयोगी पडला.

अट किती असावी

अपील हा कायद्याने दिलेला हक्क असल्यामुळे त्यास वाजवी अट घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये अनंत मिल्स आणि १९८८ मध्ये विजय प्रकाश मेहता या प्रकरणांत मान्य केले आहे. मात्र वाजवीपणाला सीमा आहे. २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात, बँकेच्या कारवाईविरुद्ध दाद मागण्यापूर्वी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरण्याची अट न्यायालयाने रद्द केली. कारण ती दाद नावाने अपील असली तरी वस्तुतः पहिलीच सुनावणी होती.

या कसोटीवर साडेसात टक्के हे प्रमाण सौम्य वाटते आणि शासनाच्या महसुलाची काळजी व नागरिकाचा हक्क यांत ते समतोल साधते, असे म्हणता येते. तरी एक अडचण उरते. पूर्वी जी सूट अडचणीच्या प्रसंगी देता येत असे ती देण्याचा अधिकार आता आयुक्त (अपील) किंवा न्यायाधिकरण यांना राहिलेला नाही. मागणी जितकी अवास्तव तितका भरणा मोठा. पडताळणी न करता केलेल्या मोठ्या मागणीचा भार त्यामुळे अपिलाच्या दारावरही पडतो. अत्यंत अपवादात्मक परिस्थितीत उच्च न्यायालयाकडे अनुच्छेद २२६ खाली दाद मागता येते; परंतु लहान व्यावसायिकाला तो मार्ग सुलभ नाही. भरण्याची अट न्याय्य ठरावयाची असेल तर मूळ मागणी काळजीपूर्वक झाली पाहिजे, हाच याचा अर्थ होय.

दोन महिने आणि त्यानंतर एक

भरण्याच्या अटीपेक्षा मुदतीची अट अधिक कठोर आहे. सेवाकराच्या आदेशाविरुद्ध आयुक्त (अपील) यांच्याकडे दोन महिन्यांत अपील करावे लागते. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी एक महिना मिळू शकतो. त्यापलीकडे विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना नाही. उत्पादन शुल्काच्या सिंग एंटरप्रायझेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ही मर्यादा निर्विवाद केली. न्यायाधिकरणाकडील अपिलाची मुदत तीन महिन्यांची आहे. वस्तू व सेवा कराच्या पहिल्या अपिलालाही तीन महिने मिळतात. तोच नियम सेवाकराला लागू असावा या समजुतीने थांबणाऱ्याचा एक महिना हातचा जातो.

वस्तू व सेवा कराच्या वादांत पहिल्या अपिलासाठी मान्य असलेला कर पूर्ण आणि वादग्रस्त कराच्या दहा टक्के रक्कम भरावी लागते. त्या कराचे स्वतंत्र अपिलीय न्यायाधिकरण सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटित झाले असून, त्याच्या राज्यातील पीठांच्या ठिकाणांत नागपूरचा समावेश आहे. जुन्या सेवाकराची अपिले मात्र पूर्वीच्याच न्यायाधिकरणाकडे जातात. दोन कायद्यांचे दोन मार्ग आहेत हे आदेश हाती पडताच ओळखले पाहिजे.

मुदत आदेश मिळाल्यापासून मोजतात. आदेश नोंदवलेल्या पत्त्यावर जातो. व्यवसाय बंद झालेला, दुकान हलवलेले, घर बदललेले अशा स्थितीत पाकीट परत जाते किंवा दुसऱ्याच्याच हाती पडते आणि बँक खाते गोठवल्यावर प्रथम बातमी कळते. अशा वेळी आदेश प्रत्यक्ष केव्हा व कोणाला मिळाला याची लेखी माहिती आणि आदेशाची प्रत विनाविलंब मागावी.

गावपातळीवर काय करता येईल

हा विषय केवळ कर सल्लागारांचा नाही. वरील उदाहरणात मागणी टिकते की नाही हे जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांच्या दप्तरातील कागदांवर ठरले. जुन्या कामाचा करार, त्याची तारीख, कार्यारंभ आदेश, कामाचे स्वरूप व अदा केलेली रक्कम यांचे प्रमाणपत्र कंत्राटदाराने मागितल्यास ते तत्परतेने देणे हे कार्यालयाचे काम आहे. दोन महिन्यांच्या मुदतीत प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. काम कशाचे होते हे प्रमाणपत्रात नेमकेपणाने लिहावे. केवळ बांधकाम असे मोघम न लिहिता शाळाखोली, सार्वजनिक रस्ता असा स्पष्ट उल्लेख असावा. जुन्या नोंदवह्या नष्ट करण्यापूर्वी त्यांतील कामांविषयी वाद चालू आहे काय, याचीही विचारणा व्हावी.

ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी आपल्या दुकानगाळ्यांच्या भाड्याचा जुना हिशेबही नीट ठेवावा. व्यावसायिक वापरासाठी दिलेल्या जागेचे भाडे सेवाकराच्या कक्षेत येत होते आणि १० लाखांची सूटमर्यादा तेथेही पाहावी लागते. गावात ज्याच्याकडे लोक सरकारी पत्र वाचून घेण्यास जातात त्या शिक्षकाला किंवा पंचायत सदस्याला संपूर्ण करकायदा माहीत असण्याची गरज नाही. पत्र नोटीस आहे की आदेश, ते कोणत्या तारखेला मिळाले, उत्तराची किंवा अपिलाची अखेरची तारीख कोणती आणि कराची मूळ रक्कम किती, या चार गोष्टी त्याने कागदावर लिहून दिल्या व पाकीट जपून ठेवण्यास सांगितले, तरी संबंधित माणूस योग्य वेळी योग्य ठिकाणी पोहोचू शकतो.

कर आकारणाऱ्या अधिकाऱ्याने आकडा लिहिण्यापूर्वी कागद मागवावेत आणि करदात्याने नोटीस येताच ते हजर करावेत, एवढे झाले तर पुष्कळ वाद अपिलापर्यंत जाणारच नाहीत. जे जातील त्यांच्यासाठी अपिलाचे दार उघडे आहे. त्या दारापाशी साडेसात टक्के रक्कम, योग्य नमुना आणि दोन महिन्यांच्या आतली तारीख एवढेच पाहिले जाते. आत गेल्यावर उपयोगी पडतात ते कागद.